नदीकाठच्या गावाचा फाटा

ज्या वर्षी मी सायकल घेऊन फ्रान्सला जाऊन आलो, त्याच वर्षाच्या जानेवारीत मी माझ्या थोरल्या भावाला एका फाट्यावर एकटं सोडून पुढं निघून गेलो. फ्रान्सचे फोटो मी पुष्कळांना दाखवले. फाट्याची गोष्ट मात्र आजवर कुणाला सांगितलेली नाही.

मी साताऱ्यात ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. पंचेचाळिशीत साखर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालण्याचा मला कंटाळा, म्हणून सायकल घेतली. पहिली दोन वर्षं मी खरंच मजेत चालवली. मग पहाटे जाणाऱ्यांचा एक गट भेटला, बारीक टायरची हलकी सायकल आली, आणि मोबाईलमध्ये ते अ‍ॅप आलं, जे तुम्ही कुठून किती वेगानं गेलात ते चारचौघांना दाखवतं. त्यानंतर मी रस्त्याकडं कमी आणि हँडलवरच्या आकड्यांकडं जास्त बघायला लागलो.

आमच्या गटातल्या सहा जणांनी मे महिन्यात फ्रान्सला जायचं ठरवलं. तिथल्या एका मोठ्या नदीच्या खोऱ्यातून दहा दिवस सायकल. सपाट रस्ते, दगडी पूल, जुनी गावं. जेवताना मी त्याच रस्त्यांचे व्हिडिओ लावून बसायचो. सरावासाठी मी आपलीच नदी धरली: माहुलीपासून कृष्णेच्या काठाकाठानं सांगलीजवळ हरिपूरच्या संगमापर्यंत, शनिवार-रविवार दोन दिवसांत. गटातले बाकीचे पाच जण रविवारी गाडीनं सांगलीला येणार होते. दुपारी बारा वाजता हरिपूरला सगळ्यांनी भेटायचं, तिथल्या सायकल क्लबवाल्यांबरोबर फोटो काढायचा, असं ठरलेलं.

हे मी फोनवर आण्णांना सहज बोललो. आण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आष्ट्याजवळच्या आमच्या गावी ऊस करतात. त्यांनी विचारलं, "कराडच्या खाली कुठनं जाणार? हायवेनं?"

"नाही, नदीच्या काठानंच. बहे, वाळवा, औदुंबर असं."

आण्णा म्हणाले, "मग मी बी येतो."

मला वाटलं थट्टा करतायत. पण शुक्रवारी दुधाच्या टेम्पोत आपली काळी बावीस इंची सायकल टाकून आण्णा साताऱ्यात हजर झाले. कॅरियरला घोंगडं, त्यात वहिनींनी दिलेल्या भाकरी आणि खर्डा. सायकलीला गिअर नव्हते आणि ब्रेक लोखंडी सळ्यांचे. मी त्यांना हेल्मेट दिलं. त्यांनी ते हातात फिरवून बघितलं आणि हँडलला अडकवलं.

शनिवारी सकाळी माहुलीच्या घाटावरून निघालो. नदीवर धुकं होतं, दगडी देवळांचे फक्त कळस दिसत होते. मी मनात हिशेब केला होता की अकरापर्यंत कराड गाठायचं. पण आण्णांची सायकल वेगळ्याच चालीची होती. पायडल संथ, पाठ ताठ, आणि प्रत्येक गावात थांबायचं. एका गावात पारावर वीरगळ मांडून ठेवलेले होते, तिथं उतरले. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत मेलेल्या वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा. त्यांनी त्यावरची धूळ हातानं पुसली. दुसऱ्या एका गावात चावडीच्या भिंतीत इंग्रजांच्या काळातला दगड बसवलेला होता, गावातले किती जण महायुद्धावर गेले आणि किती परत आले नाहीत ते सांगणारा. आण्णा तो दगड वाचून तसेच उभे राहिले. शेजारच्या टपरीवाल्यानं विचारलं, "पावणं, मिलिटरीतलं का?" झालं, मग चहा आला आणि कोण कुठल्या पलटणीत होतं याची चौकशी सुरू झाली. मी एक पाय पायडलवर ठेवून घड्याळ बघत होतो.

"आण्णा, असं थांबत राहिलो तर सराव कसला होणार?"

"सराव कशाचा?"

"फ्रान्सचा. तिथं रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर आहे."

"तिकडं काय बघाय जाणार तुमी?"

"नदी, जुनी गावं, देवळं. म्हणजे चर्च."

त्यांनी नदीकडं बघितलं, गावाकडं बघितलं, आणि सायकलीवर टांग टाकली. मला त्यात टोमणा वाटला, आणि पुढचा तासभर मी मुद्दाम अर्धा किलोमीटर पुढं राहिलो.

कराडला पोचायला दुपारचे तीन वाजले. त्या दिवशीचा माझा सरासरी वेग अ‍ॅपवर टाकायचीही लाज वाटली. मी तो टाकलाच नाही.

रविवारी मी आण्णांना उजाडायच्या आत उठवलं. सांगितलं, "आज बारा म्हणजे बारा. लोक वाट बघतायत." ते म्हणाले, "व्हय, चल की." आणि खरंच त्या सकाळी ते दामटून निघाले. उसाच्या ट्रॉल्यांची रांग चुकवत, कारखान्याच्या मळीचा वास घेत आम्ही चाललो होतो. घामानं त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता, पण एकदाही थांबले नाहीत. मला बरं वाटलं.

बहे अजून पाच-सहा किलोमीटर असेल, तिथं डावीकडं एक फाटा लागतो. रस्ता खाली नदीकडं जातो, दीडएक किलोमीटरवर गाव. झाडीतून देवळाचा शेंडा दिसतो. आण्णा फाट्यावर उतरले. सायकल स्टँडला लावली, घोंगड्यातून धुतलेला सदरा काढून अंगात घातला. मी पुढं गेलो होतो, वळून परत आलो.

"काय झालं?"

"हितं एक घर हाय. जरा जाऊन यायचंय. तू बी चल."

"कुणाचं घर?"

"माझ्या संगं पलटणीत हुता एकजण. त्याच्या घरचं. पाच मिन्टांचं काम हाय."

मी घड्याळ बघितलं. साडेआठ होऊन गेले होते. आण्णांची पाच मिनिटं काय असतात ते मी आदल्या दिवशी बघितलं होतं. चहा होणार, मग जेवूनच जा म्हणणार.

"आण्णा, आज नको. परत कधीतरी गाडीनं येऊ."

"आलोच हाय तर जाऊ रं. तू नुसता संगं बस. काय बोलू नगंस."

"मग तुम्हीच जाऊन या ना. मी बसून काय करू?"

ते खाली बघत होते. सदऱ्याचं वरचं बटण त्यांनी लावलं, काढलं, परत लावलं. माणूस एवढं सांगतोय म्हणजे काहीतरी असेल, हे मला कळायला हवं होतं. माझ्या आयुष्यात या माणसानं माझ्याकडं कधी काही मागितलेलं नव्हतं. पण माझ्या डोक्यात बारा वाजत होते. मी म्हणालो, "तुमच्यासाठी काल अख्खा दिवस घालवला मी. आज तरी मला माझ्या चालीनं जाऊ द्या."

आण्णांनी मान हलवली. "जा तू. मी येतो मागनं. गावाकडं जातो सरळ."

मी निघालो. पुढच्या वळणावर मागं बघितलं तेव्हा ते फाट्यावर तसेच उभे होते. पांढरा सदरा, काळी सायकल.

हरिपूरला मी अकरा चाळीसला पोचलो. वेग चांगला लागला होता. संगमावर फोटो झाले, वांग्याचं भरीत झालं, टाळ्या झाल्या. संध्याकाळी घरच्या वाटेवर आण्णांना फोन केला.

"भेटलं का घर?"

"न्हाई. कुलूप हुतं."

"बघा, म्हणजे मी आलो असतो तरी फुकटच."

"व्हय," आण्णा म्हणाले.

मे महिन्यात आम्ही फ्रान्सला गेलो. खोरं व्हिडिओत होतं तसंच होतं. नदी रुंद आणि संथ, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, मधेमधे पिवळ्या दगडांची गावं. पहिले दोन दिवस आम्ही इथल्यासारखेच सुसाट गेलो. तिसऱ्या दिवशी माझ्या मागच्या चाकाची तार तुटली. बाकीचे पुढं गेले आणि मी दुपारभर एका छोट्या गावात अडकलो. दुरुस्तीवाला येईपर्यंत चौकातल्या बाकावर बसून राहिलो.

चौकात एक दगडी खांब होता. त्यावर नावं कोरलेली. महायुद्धात मेलेल्या त्या गावातल्या माणसांची. मी मोजली, एकवीस होती. गावात आता पन्नासच्या वर घरं नसतील. एकाच आडनावाची तीन नावं होती, बहुधा भाऊ. आधीच्या दोन दिवसांत आम्ही अशा दहा-बारा गावांतून गेलो होतो. प्रत्येक गावात असा खांब असणार, आणि मला एकही दिसला नव्हता.

मला आण्णांची आठवण झाली. चावडीच्या भिंतीपुढं ते जसे उभे होते, तसे. मी व्हिडिओ कॉल लावला. तिकडं संध्याकाळ होती, ते गोठ्यात होते. मी मोबाईल फिरवून खांब दाखवला, नावं दाखवली. त्यांनी धारेची बादली खाली ठेवली आणि चष्मा लावून बघितलं.

मग म्हणाले, "त्या दिवशी कुलूप न्हवतं."

मला आधी कळलंच नाही. "कुठं?"

"त्या घराला. मी गेलोच न्हाई. देवळापतोर गेलो आन् मागं फिरलो. एकट्याला जमंना."

आणि मग त्या गोठ्यात उभं राहून, परक्या देशातल्या एका बाकावर बसलेल्या मला त्यांनी ते सगळं सांगितलं.

तीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. पलटण ईशान्येकडच्या जंगलात होती. त्या गावचा माणूस आण्णांचा जोडीदार, एकाच तंबूत राहणारे. त्याला हिवताप झाला आणि तो डोक्यात चढला. मिलिटरी हॉस्पिटलात ठेवलं, आण्णांना त्याच्याजवळ बसायला सुट्टी दिली. तिसऱ्या दिवशी त्याला शुद्ध होती. तो म्हणाला, तिला बोलीव. घरी तार आण्णांनीच करायची असं ठरलेलं. पण घरी बायको सहा महिन्यांच्या पोराला घेऊन बसलेली, चार दिवसांचा रेल्वेचा प्रवास. आण्णांना वाटलं, बरा होईल हा, उगं घरच्यांच्या जिवाला घोर कशाला. दोन दिवस थांबू. त्यांनी तार सहाव्या दिवशी केली. अकराव्या दिवशी तो गेला. बायको सासऱ्याबरोबर पोचली तेव्हा सगळं उरकून दोन दिवस झाले होते.

"मी त्याचं सामान घेऊन गेलो हुतो त्यांच्या घरी. ती म्हणली, भावजी, तार कवा केली हुती तुमी? मी म्हणलो, लगीच." आण्णांनी चष्मा काढला. "एक शब्द रं. तिनं मनात धरलं, की तार हितं गावात यायला उशीर झाला. मी तसंच ऱ्हाऊ दिलं. परत त्या दारात गेलो न्हाई."

"आण्णा, मी आल्या आल्या आपण जाऊ," मी म्हणालो. "मी येतो तुमच्याबरोबर."

"ये. तू संगं पायजेस. बोलीन मीच."

जूनच्या सुरुवातीला मी परत आलो. आल्या आल्या ॲडमिशन सुरू झाल्या. मग नदीला पाणी वाढलं, काठचे रस्ते बंद झाले. मग चाचणी परीक्षा. आण्णांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. ऑगस्टमध्ये दोनशे किलोमीटरच्या एका राईडला मात्र मला वेळ मिळाला. हे लिहिताना आज लाज वाटते, पण तेव्हा ते खटकलंही नव्हतं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही गेलो. मी गाडी काढतो म्हणालो, तर आण्णा म्हणाले, "सायकलीनंच जाऊ. वाटंत जरा मन घट्ट हुतंय." आष्ट्याकडून निघालो. या वेळी मी त्यांच्या मागं होतो आणि मीटर घरी काढून ठेवला होता. फाटा आला, आण्णा न थांबता वळले.

घर देवळाच्या मागच्या बाजूला होतं, पत्र्याची पडवी, पुढं ट्रॅक्टर. तिशीतला एक माणूस म्हशीला पाणी दाखवत होता. सहा महिन्यांचं ते बाळ हेच, हे सांगायची गरज नव्हती. आण्णा त्याच्याकडं बघतच राहिले. मग आपण कोण ते सांगितलं. त्यानं लगेच हात धुतले, पाया पडला, घोंगडी अंथरली.

आण्णांनी विचारलं, "आई?"

"आई गेली की. भाद्रपदात. महिना झाला." त्यानं भिंतीकडं हात केला. बापाच्या लष्करी पोशाखातल्या फोटोशेजारी आईचा नवा फोटो होता, त्याला अजून हार होता. "लय दिवस आजारी न्हवती. शेवटपतोर रानात जायची."

भाद्रपदात. म्हणजे जानेवारीत ती होती. जूनमध्ये होती. मी दोनशे किलोमीटर चालवत होतो तेव्हाही होती.

आण्णा घोंगडीवर बसले. मला वाटलं, आता हे उठतील. पण त्यांनी पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला आणि त्या पोराला समोर बसवून सगळं सांगितलं. अकरा दिवस, एकेक करून. तिसऱ्या दिवशी बाप काय म्हणाला. तार कुठल्या दिवशी केली. आईला काय खोटं सांगितलं. आवाज एकदाही चढला नाही की फुटला नाही.

पोरगा ऐकत होता. त्याची बायको चहा देऊन दारातच थांबली. सगळं झाल्यावर तो म्हणाला, "आवं काका, आई जिवंत हुती तवा का न्हाई आला?"

आण्णांच्या शेजारी मी बसलो होतो. आण्णांनी माझ्याकडं बघितलंही नाही. म्हणाले, "धाडस झालं न्हाई बाबा."

तिथं मी बोलायला हवं होतं. जानेवारीत हे फाट्यापर्यंत आले होते, धुतलेला सदरा घालून, आणि मी त्यांना सोडून गेलो, एवढंच. मी बोललो नाही. चहाचा कप हातात धरून बसून राहिलो.

पोरगा आईच्या फोटोकडं बघत होता. मग म्हणाला, "आई पोस्टमनला दोष द्यायची. तारंवर तारीख हुती, पर तिला वाचता येत न्हवतं, आन् आजा त्याच साली गेला. हितलाच हाय पोस्टमन, पलीकडच्या आळीत. त्यो गावात दिसला की आई वाट बदलायची. त्याच्या घरच्या लग्नाला न्हाई गेली, मयताला न्हाई गेली. आमाला बी जाऊ दिलं न्हाई. तीस वर्सं."

"हाय व्हय त्यो?" आण्णांनी विचारलं.

"हाय. लय थकलाय."

आण्णा उठले. पोरगाही उठला. आम्ही तिघं पलीकडच्या आळीत गेलो. ओसरीवर एक म्हातारा उन्हाला बसला होता, ऐंशीच्या पुढचा, पाय सुजलेले. त्या घरातल्या पोराला आपल्या दारात बघून तो गडबडला, उठायला लागला. आण्णांनी त्याला खाली बसवलं, स्वतः पायरीवर बसले आणि तिसऱ्यांदा तीच गोष्ट सांगितली. म्हाताऱ्याला कमी ऐकू येत होतं, म्हणून या वेळी मोठ्यानं सांगावी लागली. आळीतल्या दोन-चार बायका दारात आल्या. आण्णा थांबले नाहीत.

ऐकून झाल्यावर म्हातारा म्हणाला, "ती तार आली त्या दिवशी मी टपाल घेऊन दुसऱ्या गावाला गेलतो. परत आलो तर पोस्टमास्तर म्हणलं, ही आधी पोचीव. वड्याला पाणी हुतं. सायकल मधीच चिखलात रुतली. मी सायकल टाकली तिथंच आन् पळत आलो. पळत आलो मी." त्यानं पोराकडं बघितलं. "तुझ्या आईला मी सांगाय गेलतो दोनदा. तिनं दार लावून घेतलं."

पोरगा त्याच्या पायाशी वाकला. म्हाताऱ्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. "आता काय," तो म्हणाला. "ती न्हाई ऐकाय."

आम्ही निघालो तेव्हा ऊन चढलं होतं. पोरगा मुख्य रस्त्यापर्यंत आमच्याबरोबर चालत आला, म्हणून आम्हीही सायकली हातात धरून चाललो. तो परत फिरल्यावर मी आण्णांना म्हणालो, "मी मघाशी बोलायला हवं होतं. जानेवारीतलं."

"काय बोलणार हुतास?"

"की माझ्यामुळं राहिलं."

आण्णा सायकलीचं टायर दाबून बघत होते. म्हणाले, "त्याच्या आदी मी ह्या फाट्यापतोर धा वेळा आलोय. तवा तू न्हवतास."

ते त्यांनी माझं ओझं हलकं करायला म्हटलं, हे मला कळतं. पण अकराव्या वेळी मी होतो. त्या वेळी ते आत जाणार होते, त्यांनी कपडे बदलले होते. मी पाच मिनिटं दिली असती तर एका बाईला मरायच्या आधी खरं कळलं असतं, आणि तिनं कदाचित आण्णांना घराबाहेर काढलं असतं. पण निदान त्या म्हाताऱ्याशी ती बोलली असती.

आण्णा पुढं निघाले. मी त्यांच्या मागून, त्यांच्या चालीनं.